जालन्याच्या शिवारातला गांजा : अबकारीपासून कलम 14 पर्यंत

कासरा, दावं, मोटेचा नाडा, पोळ्याला बैलाला घातली जाणारी नवी वेसण. मराठवाड्यात हे सगळं अंबाडीच्या नाहीतर तागाच्या वाखातून निघायचं. कपाशीत, ज्वारीत चार तासं अंबाडीची टाकायची. कोवळा पाला भाजीला, वाळलेल्या काड्या पाण्यात कुजवून वाख. धाग्यासाठी गांजाच्या झाडाकडे बघायची इकडे गरजच पडली नाही. ते झाड चिलमीपुरतं आणि वैद्याच्या पुडीपुरतं राहिलं. सरकारनेही त्याला तेवढ्यापुरतंच ओळखलं, आणि पुढच्या सव्वाशे वर्षांतल्या कायद्यांना वळण लागलं ते यामुळेच, असं मला वाटतं.

आजचा जालना जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. शेजारी, देऊळगाव राजाच्या बाजूला, इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड. 1893 साली गांजाचा प्रश्न ब्रिटिश संसदेत निघाला आणि डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली भारतात आयोग नेमला गेला. आयोगाने 1,193 साक्षी घेतल्या आणि 1894 मध्ये अहवाल दिला. बेताच्या सेवनाने फार अपाय होत नाही, सरसकट बंदी नको. कर बसवा, परवाने द्या, लागवड आवरती ठेवा, असा त्याचा निष्कर्ष होता. मुंबई इलाख्यात नगर जिल्हा आणि मध्य प्रांतात खांडवा हे या शेतीचे ठळक पट्टे होते. गांजासाठी झाडं अंतर राखून लावतात आणि नर झाडं ओळखून वेळीच उपटतात, म्हणजे मादी झाडाच्या शेंड्यात बी न धरता राळ धरते. वाख हवा असेल तर उलट दाट पेरणी लागते, म्हणजे झाड सरळ उंच जातं. झाड तेच, पण शेती दोन तऱ्हांची. हा फरक कायद्यात उतरायला मात्र पुढे फार वेळ गेला.

निजामाच्या मुलखात 1316 फसलीचा, म्हणजे साधारण 1906 सालचा, हैदराबाद अबकारी कायदा आला. शिंदी, दारू आणि गांजा अशा एकाच रांगेत हे झाड बसलं. सरकारला त्यातून महसूल हवा होता, आणि शेतकऱ्याचं पीक म्हणून त्याचा विचार व्हायचं कारणच नव्हतं. 1948 ला निजामी संपली, 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1959 मध्ये मुंबईचा 1949 चा दारूबंदी कायदा इथे लागू झाला. आधी महसूल मिळवण्यासाठी असलेली देखरेख आता बंदीसाठी सुरू झाली.

दरम्यान 1961 च्या अमली पदार्थविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केली होती. नशेसाठीचा वापर थांबवायला त्यात 25 वर्षांची मुदत होती. ती संपत आली तेव्हा संसदेने अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा केला. तो 14 नोव्हेंबर 1985 ला अमलात आला. जालना स्वतंत्र जिल्हा होऊन तेव्हा जेमतेम साडेचार वर्षं झाली होती. आज या कायद्यात विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

कपाशीत किंवा तुरीत लपवलेली झाडं पोलिसांनी उपटली, अशा बातम्या मराठवाड्यात अधूनमधून येतात. पुढचं सगळं वजनावर येतं. कायद्यात गांजा म्हणजे फुलाफळावर आलेले शेंडे; शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया व्याख्येबाहेर. 20 किलोहून जास्त म्हणजे व्यावसायिक प्रमाण, आणि मग जामीन अतिशय कठीण. पंचनाम्यात मात्र कित्येकदा मुळं, खोडं, ओला पाला सगळंच एकत्र तोललं जातं. मुंबई उच्च न्यायालयाने काही जामीन अर्जांवर नेमकं यावरच बोट ठेवलं आहे. कोरडवाहू शेतकऱ्याची वर्षं अशा तराजूवर ठरत असतील तर शेंडे वेगळे काढून तोलणं ही किमान अपेक्षा आहे.

याच कायद्यात कलम 14 आहे. केवळ धागा किंवा बी मिळवण्यासाठी औद्योगिक लागवडीला सरकार, म्हणजे राज्य सरकारही, परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडने 2018 मध्ये अशा शेतीचा पहिला परवाना दिला. झाडातला नशेचा घटक, टीएचसी, 0.3 टक्क्यांच्या आत हवा, ही अट. पहाडात या झाडाच्या वाखाचं कापड विणायची आणि बियांची चटणी वाटायची रीत जुनीच आहे, त्यामुळे मागणी करणारे लोक तिथे होते. हिमाचलही त्या वाटेने निघाला आहे. आपल्याकडे 2021 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने, पिकांना भाव नाही म्हणून, दोन एकरांत गांजा लावायची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली. अर्ज पोलिसांकडे गेला आणि त्यांनी तो फेटाळला. त्याने मागितला होता गांजा. धाग्याचं पीक मागायचं, हे इथे कुणाला सुचायला तसा पूर्वानुभव नव्हता.

आता जालन्याने यात पडावं, असं मला मनापासून वाटतं. 0.3 टक्क्यांची अट हा मुळात बियाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न आहे, आणि 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी सुरू केल्यापासून हा जिल्हा बियाण्यावर जगतो. कपाशीच्या फुलातले पुंकेसर हाताने काढून परागीकरण करणारी माणसं इथल्या गावोगाव आहेत. दोन प्लॉटमधलं विलगीकरण अंतर त्यांना पाठ असतं. गांजावर्गीय झाडाचे पराग वाऱ्याने कित्येक किलोमीटर जातात, तेव्हा हे काम सोपं नाही. पण परभणीचं कृषी विद्यापीठ आणि खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र यांना मिळून कुंपणाच्या आत, मोजक्या गुंठ्यांवर, कमी टीएचसीच्या वाणाची चाचणी घ्यायला कलम 14 खाली राज्य सरकारकडे अर्ज करता येतो. या झाडाची फाईल आजवर उत्पादन शुल्क आणि पोलीस खात्यातच फिरली. या अर्जाने ती पहिल्यांदा कृषी खात्याच्या टेबलावर येईल.