दोन शेजाऱ्यांचा शब्द

महात्मा जोतीराव फुले म्हटलं की आपल्याला भिडे वाड्यातली मुलींची शाळा आठवते. पण जोतीरावांची स्वतःची शाळा लहानपणी मध्येच सुटली होती आणि दोन शेजाऱ्यांमुळे ती पुन्हा सुरू झाली, हे फारसं बोललं जात नाही. स्मरणिकेसाठी 'इतिहासावर काहीतरी लिही' असा आग्रह झाला, तेव्हा मला हेच लिहावंसं वाटलं. माझं शिक्षण आणि पोटापाण्याचा उद्योग दोन्ही इंजिनिअरिंगचे, त्यामुळे अभ्यासकाचा आव आणत नाही. आपल्याच पुण्यात घडलेली गोष्ट सांगते.

जोतीरावांचा जन्म 1827 चा. आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच गेल्या. नात्यातल्या विधवा सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना वाढवलं. सगुणाबाई एका मिशनऱ्याच्या घरी मुलं सांभाळण्याचं काम करत. त्या घरामुळे शिक्षणाचं मोल त्यांना कळलं होतं. सातव्या वर्षी वडील गोविंदरावांनी मुलाला शाळेत घातलं. पण 'माळ्याच्या पोराला विद्या काय कामाची, शिकला तर शेतीच्या कामातून जाईल' असं त्यांच्या कारकुनाने त्यांच्या मनात भरवलं. बारा वर्षं पूर्ण व्हायच्या आतच मुलाची शाळा सुटली आणि तो मळ्यात राबू लागला. 1840 मध्ये लग्न झालं. नवरी, सावित्री, नऊ वर्षांची. त्या काळच्या रीतीने पोरगा मार्गी लागला होता. गोविंदरावांना कुणी दोष दिला नसता.

दिवसभर मळ्यात काम करून हा मुलगा रात्री दिव्याच्या उजेडात वाचत बसायचा. ते दोन शेजाऱ्यांच्या नजरेत भरलं. एक उर्दू-फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी, दुसरे लिजिट साहेब नावाचे ख्रिस्ती गृहस्थ. मुलाला उपदेश करून काही होणार नव्हतं, कारण तो शिकायला तयारच होता. निर्णय वडिलांच्या हातात होता. म्हणून दोघांनी गोविंदरावांना समजावलं. गोविंदरावांनी ऐकलं. एका माणसाच्या शब्दाने सुटलेली शाळा दोघांच्या शब्दाने परत मिळाली. 1841 मध्ये, चौदाव्या वर्षी, जोतीराव पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले.

पुढचं आपल्याला माहीत आहे, तरी एका ओळीत मांडून पाहण्यासारखं आहे. त्या विद्यार्थिदशेत सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर यांच्यासारखे मित्र मिळाले. ते पुढे मुलींच्या शाळांच्या कामात बरोबर उभे राहिले. (शाळासोबती पुढे कशाला उपयोगी पडतात, याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही!) 1848 मध्ये तात्यासाहेब भिडे यांनी वाड्यात जागा दिली आणि शाळा उघडली. 1863 मध्ये फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. कुणी नाव विचारणार नाही. काशीबाई नावाची अशीच एक विधवा आली. तिच्या मुलाला जोतीराव-सावित्रीबाईंनी 1874 मध्ये दत्तक घेतलं. तो यशवंत.

यशवंत डॉक्टर झाला. 1897 मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा त्याने हडपसरजवळ ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तिथे पोचल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. ज्या मुलाला जन्मतःच टाकून दिलं गेलं असतं, त्याच्याच दवाखान्यात त्या दुसऱ्याचं मूल घेऊन आल्या होत्या.

माझ्या कामात प्रत्येक बदलाची नोंद राहते: कुणी केला, केव्हा केला, कशासाठी केला. वीस वर्षांपूर्वीची एक ओळ कुणी बदलली, तेही शोधून काढता येतं. माणसांच्या आयुष्यातल्या अशा बदलांची नोंद क्वचितच होते. गफार बेग आणि लिजिट साहेब आपल्याला माहीत आहेत, ते जोतीराव मोठे झाले म्हणून. त्याच पेठांमधून मळ्यात, दुकानात परत गेलेल्या, ज्यांच्यासाठी कुणी शब्द टाकला नाही अशा मुलांची नावं कुठेच नाहीत.

हे जोतीरावांना नक्की कळलं असावं. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. ज्या वयाच्या आत त्यांची शाळा सुटली, तेच हे वय. मुलाचं शिक्षण चांगला शेजारी मिळण्यावर अवलंबून राहू नये, असा मला त्याचा अर्थ लागतो. आज तो कायदा आहे. तरीही मूल शाळेतून गळतं, मुलीचं लग्न दहावीच्या आधी ठरतं, आणि तेव्हा कुणालातरी त्या घरी जाऊन बोलावंच लागतं.

आपल्या शाळेतही हे घडलं आहे. आपल्यातल्या एकाची बोर्डाच्या परीक्षेची फी कुणी भरली, हे त्याला आजवर कळलेलं नाही. एकीच्या घरी बाई दोनदा जाऊन आल्या, म्हणून ती अकरावीला गेली. आज ती स्वतः शिक्षिका आहे. सर आणि बाईंनो, स्नेहसंमेलनाला याल तेव्हा 'त्यात काय एवढं' म्हणून उडवून लावू नका. तुम्ही कुणाच्या वडिलांशी बोललात, कुणाच्या आईची समजूत काढलीत, ते आम्हाला सांगा. मुलांची नावं सांगायची नसतील तर नका सांगू. मी वही घेऊन बसणार आहे.