मत टाकलं नाही, मग बोलायचं नाही? निजामाच्या निवडणुकीची आठवण

पोस्ट जरा लांब आहे. चहा घेऊन बसा.

परवा गावाकडच्या ग्रुपवर रस्त्याचा विषय निघाला. मी खड्ड्यांचा फोटो टाकला अन् चार ओळी लिहिल्या. लगेच एका काकांचा मेसेज आला, "तू मागच्या वेळेस मतदानाला आला होता का? नाही ना? मग गप बस. ज्यानं मत टाकलं नाही त्याला बोलायचा अधिकार नाही." खाली वीस-पंचवीस अंगठे.

खरं सांगतो, काका बरोबर बोलले होते. म्हणजे मी आलो नव्हतो हे बरोबर. पुण्यात होतो, सुट्टी मिळाली असती, बसही होती. कंटाळा केला. पण "बोलायचा अधिकार नाही" हे काही पचनी पडलं नाही. चार दिवस डोक्यात तेच. मग आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आठवला. मत न देणाऱ्या माणसांनी राज्यकर्त्यावर टीका केली नसती, तर तुम्ही-आम्ही आज मतदार झालोच नसतो.

गोष्ट निजामाच्या काळातली. आपला परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता, अन् आताच्यापेक्षा बराच मोठा होता. हिंगोली, वसमत, कळमनुरी आपल्यात, परतूरही आपल्यात. (जालना जिल्हा १९८१ साली झाला अन् परतूर तिकडं गेलं. हिंगोली १९९९ साली वेगळी झाली. लोकसभेला मात्र परतूर अजूनही परभणीतच मतदान करतं.)

त्याच परतूरला १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. मराठी शाळा, सभा घ्यायचं स्वातंत्र्य, जबाबदार राज्यपद्धती असल्या मागण्या तिथून पुढं आल्या. संस्थानात साधी सभा घ्यायची तरी सरकारी परवानगी लागायची, हे लक्षात घ्या. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होत होती, तर सरकारनं तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. नानल, स्वामी रामानंद तीर्थ अन् बाकीचे कार्यकर्ते तुरुंगात गेले.

आता मला सांगा, या लोकांपैकी किती जणांनी तोपर्यंत राज्याच्या निवडणुकीत मत दिलं होतं? मत द्यायला निवडणूकच कुठं होती? प्रजेनं भरायचा तो शेतसारा. कारभार कसा चालावा हे प्रजेला कुणी विचारत नव्हतं. काकांचा नियम लावला तर परतूरच्या मांडवात एकालाही तोंड उघडायचा अधिकार नव्हता.

हे फक्त निजामाकडंच होतं असंही नाही. तिकडं इंग्रजी मुलखात मत होतं, पण ते जमीन-जुमला, कर, शिक्षण बघून. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत जे हजारो लोक गेले, त्यातल्या बहुतेकांना मताचा अधिकार नव्हता. बाबासाहेब १९१९ सालीच साउथबरो कमिटीपुढं मताधिकाराबद्दल साक्ष देऊन आले होते, पुढं सायमन कमिशनपुढंही त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. म्हणजे आधी बोलणं आलं, भांडणं आलं, अन् त्यातून मत आलं. हा क्रम आपण उलटा करून बसलो आहोत.

तुम्ही म्हणाल, त्यांना मतच नव्हतं, तुला होतं अन् तू दिलं नाहीस. दोन्ही एक कसं? मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच १९४६ सालची गोष्ट सांगतो.

दुसरं महायुद्ध संपलं. इंग्रज जाणार हे दिसायला लागलं. निजाम सरकारनं मग सुधारणांचं गाठोडं सोडलं. विधिमंडळ मोठं करू, निवडणूक घेऊ म्हणाले. स्टेट काँग्रेसवरची बंदीही त्याच वर्षी उठली. वरून बघायला छान. आत काय होतं? प्रत्येक प्रौढ माणसाला मत नव्हतंच. धंद्यावरून, हितसंबंधावरून मतदार पाडलेले. संस्थानात हिंदू साधारण ८५ टक्के, तरी हिंदू-मुसलमान जागा समसमान. सभागृहातले बरेचसे सभासद सरकारनं नेमलेले. अन् एवढं करून सभागृहानं काहीही म्हटलं तरी मंत्रिमंडळ त्याला बांधील नाही, शेवटचा शब्द निजामाचा.

स्टेट काँग्रेसमध्ये जहाल अन् मवाळ असे दोन गट होते. मिळतंय ते पदरात पाडून पुढचं मागू, असा विचार करणारेही होते. पण संघटनेनं निर्णय घेतला तो बहिष्काराचा. ही निवडणूक आम्ही लढणार नाही.

म्हणजे बघा, यावेळी काहींना मत होतं, अन् ते वापरायचं नाही असं ठरवलं गेलं. जाणूनबुजून. मग त्यांचा टीका करायचा अधिकार गेला का? उलट खरी लढाई त्यानंतरच पेटली. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला अन् आपण मात्र निजामाकडंच राहिलो. तिरंगा फडकवला म्हणून लोकांना धरलं. स्वामीजी सप्टेंबर १९४८ पर्यंत तुरुंगात. रझाकारांनी गावंच्या गावं हैराण केली. शेवटी १३ सप्टेंबरला पोलीस अ‍ॅक्शन सुरू झाली अन् १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मोकळे झालो. त्या तेरा महिन्यांत निजाम सरकारचा एखादा अधिकारी म्हणू शकला असता, "तुम्ही निवडणुकीवर बहिष्कार टाकला होता, आता कशाला ओरडता?" आज आपण त्या अधिकाऱ्याला काय म्हणलो असतो?

पण मंडळी, इथंच थांबलो तर मी माझ्या कंटाळ्याला हुतात्म्यांचा फोटो लावल्यासारखं होईल. ते मला करायचं नाही. गोष्टीला दुसरी बाजूही आहे.

पहिली गोष्ट, बहिष्कारामुळं ती निवडणूक थांबली नाही. जागा भरल्याच. ज्यांना सरकारशी जुळवून घ्यायचं होतं ते आत जाऊन बसले. रिकाम्या खुर्चीचा कुणाला धाक नसतो. असंच त्याआधी इंग्रजी मुलखात झालं होतं. १९२० साली असहकारात काँग्रेसनं कौन्सिलांवर बहिष्कार टाकला, निवडणुका झाल्याच, दुसरे लोक निवडून गेले. लोकमान्य टिळक त्याच वर्षी १ ऑगस्टला वारले. जाण्याआधी त्यांनी निवडणुका लढवायच्या म्हणून वेगळा पक्षही जाहीर केला होता. पुढं १९२३ साली चित्तरंजन दास, मोतीलाल नेहरू यांचा स्वराज्य पक्ष निवडणुकीत उतरला, अन् आपल्याकडचे न. चिं. केळकर त्यात होते. म्हणजे जावं की न जावं हा वाद शंभर वर्षं जुना आहे, अन् दोन्हीकडं मोठी माणसं होती.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. १९४६ चे लोक मत न देता घरी झोपले नव्हते. का देत नाही हे त्यांनी उघड सांगितलं. त्याची किंमत मोजली. अन् खरं मत हातात आलं तेव्हा तेच लोक मैदानात उतरले. १९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा बहिष्काराच्या बाजूनं उभे राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ स्वतः गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले. अन् आपल्या परभणीनं काय केलं? देशभर काँग्रेसची लाट असताना परभणीनं शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे निवडून दिले. सहा वर्षांपूर्वी खोट्या पेटीकडं पाठ फिरवलेल्या मुलखानं खरी पेटी आल्यावर दिल्लीला सरळ विरोधी पक्षाचा माणूस धाडला. जगात जर्मनी अन् भारतात परभणी उगाच म्हणत नाहीत.

आता आजचं बघू.

२०२४ च्या लोकसभेला परभणी मतदारसंघात २१ लाखांच्या वर मतदार होते. मतदान झालं ६२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे साधारण ८ लाख लोकांनी मत दिलं नाही. निवडून आलेल्या उमेदवाराला मिळाली ती ६ लाखांच्या आसपास. उमेदवार कोणता, पक्ष कोणता हा आजचा विषय नाही. विषय हा आहे की मत न देणाऱ्यांचा गठ्ठा जिंकणाऱ्यापेक्षा मोठा आहे. या ८ लाखांना "गप बसा" म्हणायचं का?

या ८ लाखांत कोण कोण आहे ते तरी बघा. कुणी पुण्यात-मुंबईत कंपनीत आहे, नाव गावच्या यादीत. कुणाचं नाव यादीतून गळालं. कुणी मयत होऊन यादीत शिल्लक. कुणी म्हातारं, कुणी आजारी. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झालं. तेव्हा गंगाखेड-सोनपेठकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर जायचे दिवस. उचल घेतलेला माणूस कोयता खाली ठेवून कसा येणार? त्याच्या पोराच्या शाळेबद्दल, गावच्या पाण्याबद्दल त्यानं बोलू नये, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? काही गावं "रस्ता नाही तर मत नाही" म्हणून फलक लावतात. ते ४६ सालच्याच वळणाचं झालं. कारण उघड, मागणी उघड. अन् उरलेले माझ्यासारखे. कंटाळा.

कायद्याचं म्हणाल तर घटनेच्या कलम १९ मध्ये बोलायचं स्वातंत्र्य "नागरिकाला" आहे. तिथं "मतदान केलेल्या नागरिकाला" असं लिहिलेलं नाही. बोटावरची शाई बघून ते मिळत नाही. उलट १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात मताधिकाराची जी व्याख्या आहे, तिच्यात मत देण्यासोबत मत न देण्याचाही हक्क धरलेला आहे. २७ सप्टेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं नोटाचा निकाल दिला, त्याचा आधारही हाच, की नाही म्हणणं हीसुद्धा अभिव्यक्ती आहे. शेजारच्या गुजरातनं स्थानिक निवडणुकांना मतदान सक्तीचं करून बघितलं, २०१५ साली तिथल्या उच्च न्यायालयानं ते रोखलं. ऑस्ट्रेलियात १९२४ पासून सक्ती आहे, न दिलं तर दंड होतो. पण तिथंही दंडच होतो, जीभ बांधत नाहीत.

अन् एक आपल्या दारातला प्रश्न. आपल्या महापालिकेची अन् जिल्हा परिषदेची मुदत २०२२ साली संपली. त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक. निवडणूकच नाही. त्या काळात आपण सगळे, काकासुद्धा, मत न देणारेच होतो की! तेव्हा नळाला पाणी नाही, नाली तुंबली म्हणून आपण ओरडलो का नाही? ओरडलो. घरपट्टी भरत होतो म्हणून ओरडलो. ज्याच्या खिशातून कर जातो अन् ज्याच्या पायाखाली खड्डा येतो, त्याचा बोलायचा हक्क तिथंच तयार होतो.

मग मत द्यायचं की नाही? माझं उत्तर आता पक्कं आहे. द्यायचं. बोलायचा परवाना मिळतो म्हणून नव्हे, तर न दिल्यानं आपली खुर्ची दुसराच कुणी भरतो म्हणून. ४६ सालानं हे शिकवलं. अन् द्यायचंच नसेल तर नानलांसारखं, स्वामीजींसारखं उघड सांगून, पाच वर्षं पाठपुरावा करून नाही म्हणायचं. गपचूप घरी झोपून नाही.

टीकेचा हक्क सगळ्यांना आहे. टीकेला वजन किती, हे ज्यानं त्यानं स्वतःच्या वागण्यानं कमवायचं असतं. माझ्या खड्ड्याच्या फोटोला वजन कमी पडलं, ते माझ्यामुळं. पण काका, खड्डा तर खरा आहे ना? मी मत दिलं नाही म्हणून तो बुजला नाही, अन् तुम्ही दिलं म्हणूनही बुजला नाही. त्याच रस्त्यानं तुमचीही गाडी जाते. पुढच्या वेळेस मी बसमध्ये बसतो, गावी येतो, तुमच्यासोबत रांगेत उभा राहतो. तोपर्यंत तुम्ही माझ्यासोबत त्या अर्जावर सही करा. जमतंय का बघा.

शेवटी एक विनंती. तुमच्या घरात कुणी जुन्या माणसानं निजामाच्या काळातल्या सभा, सत्याग्रह, ४६ सालचा बहिष्कार किंवा ५२ सालचं पहिलं मतदान याबद्दल काही सांगितलं असेल, तर खाली लिहा. ती माणसं आता थोडी राहिली. त्यांचं ऐकलेलं आपणच लिहून ठेवलं पाहिजे.