‘मूळ’ म्हणजे कधीचं? : एका एफसी पिकअपची दुरुस्ती आणि साधनांची शोधाशोध

पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारे बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात : "विषय ठरलाय, आता साधनं गोळा करायला कुठून सुरुवात करू?" माझं उत्तर थोडं उलटं आहे. गोळा करायला लगेच सुरुवात करू नका. असं का म्हणते, ते एका गाडीच्या गोष्टीतून सांगते. या गोष्टीत माझी एक मोठी चूक आहे आणि ती आता दुरुस्त होण्यासारखी नाही.

जुन्नर तालुक्यात माझ्या मामांच्या गोठ्यामागे एक पिकअप बरीच वर्षं उभी होती. चपट्या तोंडाची, ड्रायव्हर थेट पुढच्या चाकांवर बसतो अशी. गावात तिला नुसतं ‘एफसी’ म्हणतात. मी तंत्रज्ञानाच्या इतिहासावर काम करते म्हटल्यावर मामा म्हणाले, "मग ही चालू करून दाव की! नुसती पुस्तकं वाचून काय उपेग?" झालं, मी कामाला लागले.

आधी गाडीची कुळकथा

एफसी म्हणजे ‘फॉरवर्ड कंट्रोल’. अमेरिकेत विलीज कंपनीने १९५६ च्या अखेरीस जीप एफसी-१५० बाजारात आणली. तिचा आराखडा ब्रूक्स स्टीव्हन्स या डिझायनरचा. कल्पना साधी होती. व्हीलबेस सीजे-५ जीपचाच, ८१ इंचांचा. पण केबिन पुढे ढकलून इंजिनावर आणली की मागे सहा फुटांहून लांब हौदा मिळतो. इंजिन चार सिलिंडरचं ‘हरिकेन’, सुमारे २.२ लिटरचं, पेट्रोलवर चालणारं. ते दोन सीटांच्या मध्ये, केबिनच्या आतच असतं आणि त्यावर पत्र्याचं मोठं झाकण असतं. हे झाकण लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

अमेरिकेत ही गाडी फार खपली नाही, १९६० च्या दशकाच्या मध्यावर ती बंद झाली. आपल्याकडे मात्र त्याच दशकात महिंद्रने ती बनवायला घेतली आणि ती इथे रुजली. महिंद्र कंपनीची सुरुवात १९४५ ची, पोलादाच्या व्यापारापासून. १९४० च्या दशकाच्या शेवटी विलीजच्या जीप सुट्या भागांच्या रूपात मुंबईला येऊ लागल्या आणि माझगावला त्यांची जोडणी होऊ लागली.

पण नुसती जोडणी फार काळ चालणार नव्हती. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर धोरण स्पष्ट झालं : ज्यांच्याकडे टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच थांबावं. शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, फोर्डनेही. महिंद्र टिकली, कारण ती निर्मितीच्या वाटेला लागली.

या धोरणाचा गाडीवाल्यांवर काय परिणाम झाला? आयातीवर परवान्यांचं नियंत्रण, परकीय चलनाची चणचण आणि भाग इथेच बनवण्याचं काम हळूहळू सरकणारं. त्यामुळे सुटा भाग मोडला की ‘कंपनीचा नवा बसवा’ हे उत्तर दर वेळी शक्य नसे. दुसरं उत्तर होतं लेथवाला, तिसरं भंगार बाजार, चौथं दुसऱ्याच गाडीचा भाग कापून-जोडून बसवणं. शिवाय १९७३-७४ मध्ये तेलाचे भाव भडकले. पेट्रोलवर माल वाहणं परवडेना, डिझेल त्यामानाने स्वस्त. मग महाराष्ट्रभर जीपांमध्ये डिझेल इंजिनं बसू लागली. टेम्पो मॅटाडोरचं इंजिन हे त्यातलं एक नेहमीचं.

मामांच्या गाडीतही तेच होतं. चेसिसला वेल्डिंग करून नवे माउंटिंग लावलेले आणि वर मॅटाडोरचं डिझेल इंजिन.

माझा पहिला आराखडा आणि तो का फसला

मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘गाडी मूळ स्वरूपात आणणे.’ खाली यादी. हरिकेन इंजिन शोधणे. डिझेलचे माउंटिंग कापणे. पत्राकाम. सँडब्लास्टिंग. मूळ रंग.

आता हेच वाक्य संशोधनाच्या भाषेत वाचा. ‘मूळ स्वरूप’ हा माझा संशोधन-प्रश्न होता आणि मी तो प्रश्न म्हणून एकदाही तपासला नव्हता. मूळ म्हणजे कधीचं? कारखान्यातून निघाली त्या दिवशीचं? आरसी बुकावर पहिली नोंद १९७४ ची आहे. पण जीप घराण्यातल्या कितीतरी गाड्या लष्कराच्या लिलावातून लोकांकडे आल्या. अशा गाडीची नागरी नोंदणी लिलावानंतरची असते, जन्माची नव्हे. आमच्या गाडीच्या निळ्या रंगाखाली जागोजागी लष्करी हिरवा दिसत होता. म्हणजे १९७४ हे जन्मसाल नाही, हातबदलाचं साल आहे. दस्तऐवज खरा, तारीखही खरी, पण ती मला हव्या असलेल्या गोष्टीची तारीख नाही. अभिलेखागारात हा घोटाळा रोज होतो.

एवढं कळूनसुद्धा मी घाई केली. केबिनचे पत्रे सुटे करून सँडब्लास्टिंगला पाठवले, त्यात इंजिनावरचं ते झाकणही. आठवड्याने स्वच्छ, करडं, चकचकीत झाकण परत आलं. मामांनी ते उलटं करून पाहिलं आणि गप्प बसले. मग म्हणाले, "आण्णाचं लिहिलेलं गेलं का सगळं?"

आण्णा म्हणजे मामांचे ड्रायव्हर. ते आता नाहीत. झाकणाच्या आतल्या बाजूला ते खिळ्याने आणि ऑइलपेंटने नोंदी करत : ऑइल कधी बदललं, किती किलोमीटर झाले, नारायणगावला किती करंड्या गेल्या, कोणाकडून काय घेतलं. वीसेक वर्षांचा हिशेब. वाळूच्या फवाऱ्याने तो काही मिनिटांत गेला असेल. मी तंत्रज्ञानाच्या वापराचा इतिहास शिकतेय आणि माझ्यासमोर आलेलं सगळ्यात अस्सल साधन मीच घासून काढलं.

वाचलं काय? रंग जुळवण्यासाठी रंगवाल्याला पाठवलेला एक फोटो. त्यात झाकणाचा एक कोपरा आलाय. पाच ओळी वाचता येतात. एका ओळीत १४-८-८३ ही तारीख आणि पुढे ‘डिझेल ४० लि.’ एवढंच.

पण बघा हं. आरसी बुकात इंजिन बदलल्याची नोंद मार्च १९८५ ची आहे. म्हणजे कागदावर पेट्रोल असलेली गाडी प्रत्यक्षात किमान अठरा महिने आधीपासून डिझेलवर धावत होती. सरकारी नोंद बदल घडल्याची तारीख देत नाही, बदल नियमित करून घेतल्याची देते. तेव्हाच्या नोंदणी-कागदांवरून ‘डिझेलकडे वळण कधी आलं’ हे कोणी मोजत असेल, तर ते उत्तर उशिराचंच येणार. एका कोपऱ्याने एवढं सांगितलं. उरलेल्या झाकणाने काय काय सांगितलं असतं, याचा विचार मी शक्यतो करत नाही.

दुसरा आराखडा : भाग शोधण्याच्या वाटा

यानंतर काम थांबवलं आणि पहिल्यापासून नियोजन केलं. आधी फोटो, मग मोजमाप, मग प्रत्येक सुट्या भागाला चिठ्ठी आणि वहीत एक ओळ. काय आहे, कुठे होतं, कशाने जोडलं होतं. कशाने जोडलं होतं हे महत्त्वाचं, कारण नटबोल्टही बोलतात. जीपचा आराखडा अमेरिकन, त्यामुळे तिचे जुने बोल्ट इंचाच्या मापाचे. जिथे मिलिमीटरचा पाना चपखल बसला तिथे बहुधा नंतरच्या कोणाचा तरी हात लागलाय. ‘बहुधा’ म्हणते, कारण एका बोल्टवरून निष्कर्ष नको. तीन-चार खुणा एकाच दिशेला बोलल्या तर बघू.

मग भाग मिळवायच्या वाटा. त्या मी साधनांच्या प्रकारांसारख्याच मांडल्या.

पहिली, कंपनीची पुस्तकं. जीपची जुनी पार्ट्स बुकं आणि दुरुस्ती-पुस्तिका स्कॅन होऊन उपलब्ध आहेत. टी-९० गिअरबॉक्स, स्पायसर १८ ट्रान्सफर केस यांच्यासाठी ती सोन्यासारखी. पण अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे, आपल्याकडे उजवीकडे. पेडल, लिंक, स्टिअरिंग बॉक्स यांची चित्रं आपल्या कामाची नाहीत. शिवाय अमेरिकन एफसी-१५० चाच अ‍ॅक्सल १९५८ मध्ये रुंद झाला. आधी चाकांमधलं अंतर ४८ इंच, नंतर ५७. म्हणजे पुस्तक कोणत्या वर्षाचं, कोणत्या देशासाठीचं, हे आधी बघायचं. नियमपुस्तक काय व्हायला हवं ते सांगतं, काय झालं ते नाही.

दुसरी वाट बाजाराची. कुर्ल्याची भंगाराची दुकानं, पुण्याची नाना पेठ, दिल्लीचं मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट आणि जीपवाल्यांची पंढरी म्हणावी असं हरियाणातलं मंडी डबवाली. इथे भाग मिळतो, पण त्याचं कूळ मिळत नाही. दुकानदार ‘ओरिजनल आहे, मिलिट्रीचा आहे’ म्हणणारच. भागावरचा नंबर, ओतकामातली खूण, झीज हे आपण तपासायचं. आणि दर पहिल्या फेरीत फक्त विचारायचा, घ्यायचा नाही.

तिसरी वाट म्हणजे दाता-गाडी : भंगारात निघालेली दुसरी जीप पूर्ण घ्यायची आणि तिचे भाग वापरायचे. सोयीचं आहे, पण एक गाडी जगवायला दुसरीचा पुरावा संपतो. तिचेही आधी फोटो काढा.

चौथी वाट, लेथवाला. जे मिळत नाही ते बनवून घ्यायचं. यात कमीपणा काही नाही, त्या काळीही हेच चालत होतं. फक्त नव्या भागावर साल कोरून ठेवायचं, म्हणजे पन्नास वर्षांनी कोणी फसणार नाही. संशोधनात आपण तर्काने भरलेली जागा चौकटी कंसात दाखवतो, तसंच हे.

खर्चाचं म्हणाल, तर सगळ्यात आधी ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि वायरिंग. रंग शेवटी. हौसेने सगळे रंगापासून सुरू करतात आणि पैसे ब्रेकपाशी संपतात. प्रबंधातही प्रस्तावनेच्या भाषेवर सहा महिने घालवणारे असतातच.

नियम कोणत्या ‘मूळ’ला मानतो?

याच सुमारास कुर्ल्याला एक हरिकेन इंजिन सापडलं. चालू होण्यासारखं. आणि मोह वाढायला आणखी एक कारण होतं. केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात जपलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली असेल, तर तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. व्यावसायिक वापर मात्र करता येत नाही.

आता गंमत बघा. गेली चाळीस वर्षं डिझेलवर चाललेली आमची गाडी या व्याख्येत बसत नाही. तिला बसवायचं तर तिचं खरं आयुष्य कापून टाकायचं आणि कुर्ल्याहून आणलेलं, दुसऱ्याच कुठल्या जीपमधलं इंजिन बसवायचं. त्याचा नंबर या चेसिसला कधीच माहीत नव्हता. ते दिसायला मूळ, पण पुरावा म्हणून बनावट.

नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. कारखान्यातून आली तशी राहिलेली गाडी जपायला तो ठीकच आहे. पण ‘मूळ’ची ती एक व्याख्या आहे, एकमेव नाही. टंचाईच्या काळात जगलेल्या गाड्यांमध्ये फेरबदल हाच इतिहास असतो. ज्या गाडीत बदल झाले नाहीत, ती बहुतेक कमी वापरलेली किंवा परवडणाऱ्या माणसाची. तिलाच वारसा मानलं, तर कष्टाच्या गाड्या आणि त्या चालत्या ठेवणारे मेस्त्री आपोआप बाहेर पडतात.

मामांशी बोलले. ते म्हणाले, "पोरी, ती डिझेल झाली म्हणून टिकली. न्हाईतर ८३ सालीच भंगारात दिली असती." माझ्या वहीतल्या कुठल्याही संदर्भापेक्षा हे वाक्य सरळ होतं.

इंजिन घेतलं नाही. आराखड्याचं पहिलं वाक्य खोडून लिहिलं : ‘गाडी १९८५ च्या स्थितीत चालू करणे.’ वर्ष ठरल्यावर बाकीचे निर्णय सोपे झाले. माउंटिंग तसेच राहिले. निळा रंग राहिला, एका दारावर हातभर जागा लष्करी हिरव्यासकट उघडी ठेवली. झाकण मात्र करडंच ठेवलंय, त्यावर रंग दिलेला नाही.

आता तुमच्यासाठी. प्रस्ताव लिहिण्याआधी एका पानावर तीन गोष्टी लिहा. तुमच्या प्रश्नातला ‘मूळ’, ‘पारंपरिक’, ‘अस्सल’ असा शब्द कोणता आणि तो नक्की कोणत्या वर्षाबद्दल बोलतोय? तुमच्या मुख्य दस्तऐवजावरची तारीख घटनेची आहे की नोंदीची? आणि तुमच्या कामामुळे कोणतं साधन हलणार, पुसणार किंवा बदलणार आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘कोणतंच नाही’ असं आलं, तर पुन्हा विचार करा. मुलाखतीत तुम्ही विचारलेला प्रश्नसुद्धा समोरच्याची आठवण थोडी घासतोच.

गाडी आता सुरू होते. सकाळी दोन-तीन वेळा मारावी लागते, मग धूर सोडते आणि लागते. मागच्या रविवारी ऑइल बदललं. मामांनी खिळा मागवला आणि झाकणाच्या आत तारीख टाकली.