कुकडीकाठची राख

पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील बोरी गावी कुकडी नदीच्या तुटलेल्या काठात ज्वालामुखीच्या राखेचा एक थर उघडा पडला आहे. चुलीतल्या राखेसारखी ही राख नव्हे. भिंगाखाली धरली, की तिच्यात काचेच्या बारीक, धारदार कपच्या दिसतात. याच थराच्या संगतीने आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडीही सापडल्या. राखेचे वय ठरले, तर आपल्या या मुलखात माणूस केव्हापासून वावरतो आहे याचा काही थांग लागेल, अशी आशा त्यामुळे उत्पन्न झाली.

श्रोत्यांपैकी कोणी विचारील, की सह्याद्री ज्वालामुखीच्याच खडकाचा. मग ही राख त्याचीच कशावरून नव्हे? तर आमच्या काळ्या खडकात सिलिका निम्म्याच्या आसपास असते, या काचेत ती तीन चतुर्थांशांहून अधिक आहे. कूळच वेगळे! ही राख आली तीन हजार किलोमीटरहून दूर असलेल्या सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीतून.

हे ओळखले कसे? पूर्वी रसायनज्ञ मूठभर राख घेऊन ती विरघळवीत आणि मग घटक मोजीत. पण नदीने वाहून आणलेल्या राखेत जुन्या खडकांचे कण मिसळलेले असतात. त्यामुळे हाती येई ते सगळ्या खिचडीचे सरासरी गणित. मोस्ली याने १९१३ साली दाखवून दिले होते, की प्रत्येक मूलद्रव्याचे क्ष-किरण त्याचे स्वतःचे असतात. त्या आधारावर रेमाँ कास्तँ या फ्रेंच संशोधकाने इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत नमुन्याच्या एका ठिपक्यावर रोखून तेथून निघणारे क्ष-किरण मोजणारे यंत्र सिद्ध केले आणि १९५१ साली पॅरिसला आपला प्रबंध सादर केला. आता केसाहून बारीक अशी एकच कपची निवडून तिची कुंडली मांडता येऊ लागली. काचेवर मात्र झोत थोडा पसरट ठेवावा लागतो. नाहीतर त्याच्या माऱ्याने सोडियम जागचे हलते आणि हिशेब चुकतो.

बोरीच्या राखेचे वय १९८९ साली सुमारे १४ लक्ष वर्षे सांगितले गेले, तर १९९५ साली दुसऱ्या मोजणीतून ६ लक्ष ७० हजार निघाले. त्याच वर्षी काचेच्या पृथक्करणावरून काही संशोधकांनी ही राख टोबाच्या अगदी अलीकडच्या, सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची ठरविली. वाद तेथे मिटला नाही. २०११ साली आर्गॉन वायूच्या मोजणीवरून पुन्हा सात लक्षांच्या घरातील वय पुढे आले.

आम्हांस वाटते, की यंत्राकडून नको ती अपेक्षा केली गेली. ते राखेचे कूळ सांगते, जन्मतिथी नव्हे. टोबाचे मोठे स्फोट एकाहून अधिक झाले आणि एका घरच्या भावंडांचे चेहरे मिळतेजुळते असावेत तशी त्यांची काच आहे. म्हणून पुढे अत्यल्प प्रमाणातील मूलद्रव्येही तपासली गेली, राखेतल्या अभ्रकाकडेही लक्ष गेले. आणि राखेचे वय उद्या निर्विवाद ठरले तरी हातकुऱ्हाडींचा प्रश्न उरतोच. नदी जशी राख वाहून आणते, तसे दगडही एका थरातून उचलून दुसऱ्यात नेऊन टाकते.