आधी ग्रुप, मग केंद्र

2 जुलै 1860. लंडनजवळच्या विम्बल्डनच्या माळावर ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा भरली. उद्घाटनाची गोळी राणी व्हिक्टोरियाने झाडली. व्हिटवर्थ रायफल आधीच नेम धरून लोखंडी बैठकीवर पक्की केलेली होती. राणीने रेशमी दोरी ओढली आणि 400 यार्डांवरच्या लक्ष्यावर, केंद्रापासून जेमतेम सव्वा इंचावर गोळी लागली. दोरी ओढण्याआधी रायफलीवर जे काम झाले होते, त्या कामाचे हे पुस्तक आहे.

रायफलीवर दुर्बीण चढवली की नेम साधला, असे नवख्याला वाटते. पण दुर्बीण नुसती दाखवते. नजरेची रेषा सरळ असते, गोळीची वाट वाकडी. नळी दुर्बिणीच्या चार-पाच सेंटिमीटर खाली असते आणि सेकंदाला 800 मीटर वेगाने सुटलेली गोळीही 100 मीटर जाईपर्यंत सुमारे 8 सेंटिमीटर उतरते. म्हणून नळीचे तोंड किंचित वर ठेवावे लागते. ही रेषा आणि ही वाट ठरावीक अंतरावर एका बिंदूत आणणे म्हणजे रायफल झिरो करणे. दुर्बिणीच्या टरेटचा, म्हणजे नेम सरकवणाऱ्या चकतीचा, एक क्लिक 0.1 मिलिरेडियनचा असेल, तर 100 मीटरवर त्याने 1 सेंटिमीटर फरक पडतो. 1000 मीटरवर तोच 10 सेंटिमीटर होतो. जवळची बारीकशी चूक दूरवर अशी वाढत जाते.

या विद्येचा गाभा मात्र क्लिकच्या गणितात नाही. एक गोळी डावीकडे गेली म्हणून लगेच टरेट फिरवणारा दिवसभर आपल्याच चुकीमागे धावतो. काडतूस, श्वास, चापावरचे बोट यांमुळे प्रत्येक गोळी थोडी इकडेतिकडे जातेच. त्याच बिंदूवर नेम धरून तीन-पाच गोळ्या झाडाव्यात; त्यांच्या खुणांचा पुंजका म्हणजे ग्रुप. गोळ्या विखुरल्या, तर दोष बैठकीचा, काडतुसाचा किंवा आपला. त्या एकत्र पण केंद्राबाहेर लागल्या, तरच दुर्बिणीला हात लावावा. आपली चूक आणि यंत्राची चूक वेगळी ओळखण्याची ही शिस्त सगळ्याच मोजमापशास्त्रांना लागते.

लांब पल्ल्यावर हवा आडवी येते. तिचा विरोध समजला जात होता त्याहून किती तरी मोठा आहे, हे इंग्लिश गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्सने 1742 मध्येच दाखवले होते. त्यावर पुढे स्वतंत्र प्रकरणे आहेत.

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात रायफलीवर दुर्बिणीला परवानगी नसते. पण तिथेही गुणांच्या गोळ्यांआधी नेम जुळवण्याच्या गोळ्या झाडाव्याच लागतात. साधन बदलले, तरी क्रम हाच राहतो.

तेव्हा रेंजवर जाताना सोबत वही असू द्या. तारीख, अंतर, तापमान, वारा आणि काडतुसाचा लॉट लिहा; ग्रुप जसा पडला तसा काढा. वाईट पडलेलाही. पुढची प्रकरणे त्या वहीसोबतच वाचायची आहेत.