‘हवाई सुंदरी’ आणि तिची आज्ञा

गेल्या हिवाळ्यात एका चर्चासत्रासाठी आम्ही दोघे अध्यापक नागपूरहून मुंबईला विमानाने आलो. धावपट्टीला चाके टेकली न टेकली तोच आमच्या पुढच्या रांगेतील एक गृहस्थ उठले आणि डोक्यावरचा कप्पा उघडून बॅग ओढू लागले. विमान अजून वेगात होते. पुढे दाराजवळ, स्वतःच्या आसनाला पट्ट्यांनी बांधलेली एक तरुण कर्मचारी त्यांना बसायला सांगत होती. एकदा सांगितले, दोनदा सांगितले, तिसऱ्यांदा तिचा आवाज चढला, तेव्हा ते म्हणाले, “अगं, उतरायचंच आहे ना आता?” आजूबाजूचे चार जण हसले. त्या हसणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथे नमूद करणे भाग आहे.

भाषेच्या अध्यापकांना खटकायला हवा होता तो ‘अगं’. चौकातल्या वाहतूक पोलिसाला, मग ती महिला पोलीस का असेना, या गृहस्थांनी ‘अगं’ म्हटले नसते. मग जिच्या सांगण्यावर वेळप्रसंगी त्यांचा जीव अवलंबून आहे तिच्याशी ही सलगी कोठून आली? आमच्या मते या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्या वृत्तपत्रांनी रूढ केलेल्या एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे ‘हवाई सुंदरी’. कामावरून नव्हे, तर रूपावरून नाव मिळालेला दुसरा व्यवसाय आम्हाला मराठीत आठवत नाही. उरलेले उत्तर या व्यवसायाच्या इतिहासात शोधावे लागते.

या इतिहासाचा आरंभ रूपापासून झालेला नाही. एलेन चर्च ही अमेरिकन परिचारिका विमान चालवायला शिकली होती. तिला वैमानिक व्हायचे होते. ते दार स्त्रियांना बंद होते. तेव्हा भेदरलेल्या प्रवाशांना धीर देण्यासाठी विमानात परिचारिका ठेवाव्यात, ही कल्पना तिने बोइंग एअर ट्रान्सपोर्ट या कंपनीपुढे मांडली आणि १५ मे १९३० रोजी ती पहिल्या उड्डाणावर गेली. पहिल्या तुकडीतल्या आठही जणी प्रशिक्षित परिचारिका होत्या. त्यांना दिलेल्या सूचनांत प्रवाशांच्या सरबराईबरोबर आणखी दोन कामे होती. शौचालयाकडे निघालेला प्रवासी चुकून बाहेरचे दार तर उघडत नाही ना, यावर नजर ठेवायची आणि पेटती सिगार खिडकीबाहेर टाकू द्यायची नाही. थोडक्यात, नियम न पाळणाऱ्या प्रवाशाला आवरणे हे या व्यवसायाचे मागाहून जोडलेले काम नाही. ते पहिल्या दिवसापासूनचे काम आहे.

पुढे दुसऱ्या महायुद्धात परिचारिकांची गरज सैन्याला पडली आणि परिचर्येच्या प्रशिक्षणाची अट सुटली. वय, वजन आणि अविवाहितपण या अटी मात्र टिकल्या. जेट विमाने आली. सर्व कंपन्यांची विमाने सारखीच वेगवान झाली, तेव्हा विकायला वेगळे काय उरले? १९६५मध्ये ब्रॅनिफ या कंपनीने उड्डाणाच्या दरम्यान वेषाचे एकेक आवरण उतरवणाऱ्या तरुणींची जाहिरात केली. १९७१मध्ये नॅशनल एअरलाइन्सच्या जाहिरातींत कर्मचारी तरुणीचे छायाचित्र, तिचे पहिले नाव आणि तिच्या तोंडी घातलेले एक द्व्यर्थी निमंत्रण झळकले. आपल्याकडे १९४६मध्ये बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी घडवलेला एअर इंडियाचा ‘महाराजा’ याहून कितीतरी सभ्य आणि मिश्किल होता. परंतु तोही कमरेत वाकलेलाच होता. यजमान झुकलेला असला की पाहुण्याने ताठ व्हायचे, हा धडा प्रवाशाने चांगला गिरवला.

गंमत अशी की, ज्या १९७१मध्ये त्या जाहिराती झळकल्या त्याच वर्षी अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने नेमका उलटा निर्वाळा दिला. पॅन अमेरिकन कंपनी या नोकरीत पुरुषांना घेत नव्हती. डायझ नावाच्या उमेदवाराने दावा लावला. स्त्रियांच्या सहवासात प्रवाशांना अधिक दिलासा वाटतो, हे कंपनीचे म्हणणे. न्यायालयाने सांगितले की, विमान कंपनीचे मूळ काम प्रवाशांना सुरक्षित पोहोचवणे हे आहे. सुखद वातावरण ही त्यापुढे गौण बाब. भारतात नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१मध्ये पहिल्या गर्भारपणाबरोबर नोकरी संपवणारा नियम रद्द केला. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र कायम ठेवली. म्हणजे सुंदरीची कर्मचारी होण्याची वाट न्यायालयातूनही अर्धीच मोकळी झाली.

दरम्यान, ज्या सूचना प्रवासी कानाआड करीत होते त्यांच्यामागे मृतांची यादी वाढत होती. ११ जुलै १९७३ रोजी व्हारिग कंपनीचे विमान पॅरिसजवळ असताना मागच्या शौचालयात आग लागली. कचऱ्यात पडलेली सिगारेट तिला कारण झाली असावी, असा तपासाचा कयास होता. विमान शेतात उतरवण्यात वैमानिकांना यश आले. तरीही १३४ पैकी १२३ जण दगावले, त्यांतले बहुतेक धुराने. २ जून १९८३ रोजी एअर कॅनडाच्या विमानातही शौचालयाच्या बाजूला आग लागली. तिचे मूळ निश्चित झाले नाही. सिनसिनाटीला विमान उतरले, दारे उघडली, बाहेरची हवा आत आली आणि दीड मिनिटाच्या आत आतला सारा भाग पेटला. ४६ पैकी २३ जणच बाहेर येऊ शकले. शौचालयातला धूरसूचक आणि जमिनीलगतची दिव्यांची रांग या सोयी त्यानंतर सक्तीच्या झाल्या. निम्मीच दारे वापरून ९० सेकंदांत विमान रिकामे करता आले पाहिजे, ही विमान उत्पादकांसाठीची कसोटी अमेरिकेत १९६७पासूनच होती. त्या ९० सेकंदांत बॅग काढण्याचा वेळ धरलेला नाही.

कायद्याने या आवाजाला बळ दिले, पण उशिराने आणि आडवळणाने. १९६३च्या टोकियो करारान्वये विमानातील सुव्यवस्थेचे अधिकार मिळाले ते मुख्य वैमानिकाला. तो प्रवाशाला बांधून ठेवू शकतो आणि त्यासाठी सहकाऱ्यांना आज्ञा देऊ शकतो. म्हणजे दाराजवळच्या मुलीची आज्ञा ही उसनी आज्ञा. भारताने त्यासाठी १९७५मध्ये कायदा केला. मार्च २०१७मध्ये महाराष्ट्रातील एका खासदाराने विमानातून उतरायला नकार देऊन एअर इंडियाच्या अधिकाऱ्यावर हात टाकल्याचे प्रकरण गाजले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये नवी नियमावली आली. शिवीगाळीपासून जिवावर बेतणाऱ्या वर्तनापर्यंत तीन पायऱ्या आणि त्यानुसार तीन महिने, सहा महिने व दोन वर्षे किंवा अधिक अशी प्रवासबंदी तिने ठरवून दिली. हे सर्व आवश्यकच होते. पण बंदी ही घटनेनंतरची गोष्ट आहे. धावत्या विमानात उभ्या राहिलेल्या माणसाला खाली बसवण्याचे काम तेव्हाही शब्दालाच करावे लागते.

शब्द चालतो केव्हा आणि चालत नाही केव्हा, हे दोन घटनांवरून दिसते. ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून निघालेले एमिरेट्सचे विमान दुबईला उतरताना कोसळले आणि पेटले. बॅगा सोडा, उड्या मारा, असे कर्मचारी ओरडत असताना कित्येक प्रवासी सामान काढत होते, हे चित्रफितीत जगाने पाहिले. विमानातले तीनशेही जण वाचले. विमान थांबल्यानंतर सुमारे नऊ मिनिटांनी इंधनाच्या टाकीचा स्फोट झाला, तेव्हा मुख्य वैमानिक आणि ज्येष्ठ कर्मचारी कोणी मागे राहिले का ते पाहत अजून आतच होते. तेही वाचले, बाहेर आग विझवणारा एक जवान मात्र गेला. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले. ध्वनिक्षेपक बंद पडला, आठपैकी तीनच दारे वापरता आली. कर्मचाऱ्यांनी हातातले कर्णे आणि स्वतःचे आवाज वापरले. प्रवाशांनी सामानाला हात न लावता वाट पाहिली आणि ३७९ जण बाहेर आले. दुसऱ्या विमानातील सहापैकी पाच जण मृत्युमुखी पडले.

या फरकावरून एका समाजाला शिस्तप्रिय आणि दुसऱ्याला बेशिस्त ठरवण्याचा मोह आम्ही टाळतो. घाबरलेला माणूस ओळखीच्या वस्तूला बिलगतो. परदेशी मजुरीला गेलेल्याच्या बॅगेत त्याचे पारपत्र आणि वर्षाची कमाईही असू शकते. परंतु १९८५मध्ये ५२० बळी गेलेल्या अपघातातील विमानाचे अवशेष जपान एअरलाइन्सने २००६पासून जतन करून मांडले आहेत आणि आपल्या कर्मचाऱ्यांना ते दाखवले जातात, ही गोष्टही विसरता येत नाही. तेथे सूचना देणाऱ्याला ती सूचना कोठून आली हे ठाऊक असते, आणि ते आवाजात उतरत असावे.

आपल्या भाषेपुरते बोलायचे तर एक शब्द आपल्यापाशी आहेच. तो म्हणजे ‘विमानपरिचारिका’. एलेन चर्च परिचारिका होती हे तो घडवणाऱ्याच्या मनात असेल-नसेल. पण शब्द खरा आहे. इस्पितळात भेटीची वेळ संपली की परिचारिका सांगते आणि भलेभले नातेवाईक निमूट बाहेर पडतात. तिला आपण ‘अगं’ म्हणत नाही, ‘सिस्टर’ म्हणतो.

त्या दिवशी उतरताना ती कर्मचारी दाराशी हात जोडून उभी होती. ते गृहस्थ तिच्याकडे न पाहता गेले. आम्ही नमस्कार केला, पण हसल्याबद्दल काही बोललो नाही. बोलायला हवे होते.