दांडा कोणाच्या रानातला?

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपण फितुरांवर फेकतो. पण त्या दांड्याचा इतिहास कोणी विचारत नाही. कुऱ्हाडीला धावड्याचा दांडा, विळ्या-कोयत्याला बाभळीची मूठ. चिवट, घाव सोसणारं लाकूड, शेजारच्याच रानातलं. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलात ते विनापरवाना तोडणं गुन्हा ठरवलं; रेल्वेच्या स्लीपरसाठी सरकार मात्र साग तोडतच राहिलं! जोतीरावांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मधून जंगलखात्यावर कोरडे ओढले, ते उगाच नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्यात निस्ताराचा हक्क आला. पण आदिवासी नसलेल्या, रानावर जगणाऱ्या बौद्ध कुटुंबाकडून तोच कायदा तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतो. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं, त्यांनी तो कुठून आणायचा?